निकाल कोणाचा लागतो?

परीक्षेशी जोडलेले आपल्या भाषेतले शब्द नुसते एका ओळीत मांडले, तरी इतिहासाचा एक धडा तयार होतो. 'इयत्ता' हा शब्द संस्कृतातला. त्याचा मूळ अर्थ 'इतकेपणा', म्हणजे मोजमाप, मर्यादा. 'हजेरी' अरबीतून निघून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. 'पास' इंग्रजांनी आणला. आणि 'नापास'? त्यातला 'ना' नालायक, नापसंत या शब्दांत दिसतो तो फारसी वळणाचा आणि 'पास' इंग्रजी. दोन राज्यकर्त्यांच्या भाषा एकत्र आल्या आणि त्यांनी आपल्या पोरांसाठी हा शब्द घडवला. राहिला 'निकाल'. हा शब्द आपण मुख्यतः दोन ठिकाणी वापरतो, कोर्टात आणि शाळेत. कोर्टात निकाल लागतो तेव्हा वादी आणि प्रतिवादी असे दोघे उभे असतात. शाळेत निकाल लागतो तेव्हा मूल एकटेच उभे असते. शिकवणारा, शाळा चालवणारा, पैसे देणारा, कायदा करणारा, यांच्यापैकी कोणीही त्याच्या शेजारी उभा नसतो.

हे असे कधीपासून झाले, आणि असेच असावे का, हा आजचा विषय आहे. प्राथमिक शाळेत मूल किती शिकले हे मोजण्याची आपली परंपरा सुमारे पावणेदोनशे वर्षांची आहे. तिच्यातले काही टप्पे पाहिले तर आजच्या अनेक वादांची मुळे सापडतात.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, एखाद्याच्या पडवीत, कुठे मशिदीच्या आवारातल्या मकतबमध्ये. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सरकारने जिल्ह्याजिल्ह्यातून या शाळांची माहिती मागवली होती. पुढे रा. वि. परुळेकर यांनी ते सगळे कागद एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यात शाळा किती, मुले किती, पंतोजींना काय मिळते याची मोजदाद आहे. मुले काय शिकली याची मात्र मोजदाद नाही, कारण तशी रीतच नव्हती. त्या शाळेत वर्ग नव्हते, वार्षिक परीक्षा नव्हती. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे म्हणायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी अशा पायऱ्या चढायच्या. एक पायरी पक्की झाली की पुढची. ज्याला चार महिने लागले त्याला चार, ज्याला दहा लागले त्याला दहा. संध्याकाळी परवचा म्हणताना कोण अडखळते हे सगळ्यांना ऐकू येई. तीच परीक्षा आणि तोच निकाल.

या शाळेचे गोडवे गाणारे बरेच आहेत. तिच्यात नापास कोणी होत नसे हे खरेच. पण ती नापास करत नसे, कारण ज्यांना तिने बाहेर ठेवले होते ते तिच्या पायरीपर्यंत पोहोचतच नव्हते. मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती. उंबऱ्याबाहेर असलेल्याची परीक्षा कोण घेणार? परीक्षा नसणे म्हणजे न्याय असणे नव्हे, एवढी गोष्ट आपण इथे लक्षात ठेवूया.

हा उंबरा पुण्यात ओलांडला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, मग आणखी शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरमध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. त्या काळी शाळेची वार्षिक परीक्षा लोकांसमोर, उघड्यावर घेण्याची पद्धत होती. १८५३ च्या फेब्रुवारीत या मुलींची परीक्षा अशीच जाहीर झाली आणि ती पाहायला पुण्यात मोठी गर्दी लोटली. विचार करा, ती परीक्षा कोणाची होती? मुली वाचून दाखवत होत्या, पण परीक्षा गर्दीची होती. मुलींना शिकता येत नाही असे म्हणणारे शहर त्या दिवशी परीक्षेला बसले होते.

त्या शाळांचा सगळ्यात बोलका निकाल त्यानंतर दोन वर्षांनी लागला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'ने छापला. धर्माने आम्हाला कुठे ठेवले आहे, असा रोकडा प्रश्न तिने विचारला. प्राथमिक शिक्षणाचे फलित काय, असे मला कोणी विचारले तर मी त्या निबंधाकडे बोट दाखवतो. तिला किती गुण मिळाले होते हे सांगणारा कागद उरला नसला तरी काही बिघडत नाही.

१८५४ मध्ये वुडचा खलिता आला. त्यानंतर सरकारी शिक्षण खाते उभे राहिले, इयत्ता ठरल्या, क्रमिक पुस्तके ठरली आणि तपासायला डेप्युटी आले. मराठी गावाने त्याला लगेच 'दिपोटी' करून टाकले. दिपोटी येणार म्हणजे शाळा सारवली जाणार, फळा काळा होणार, एरवी शेतावर असणारी मुले धरून आणली जाणार. माझी शाळा १९७० च्या दशकातली. तोपर्यंत त्या अधिकाऱ्याचे नाव बदलून विस्तार अधिकारी झाले होते, पण गावातली म्हातारी माणसे अजून दिपोटीच म्हणत आणि सारवणही तसेच होत असे.

या तपासणीला धार आली ती पैशामुळे. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने एक नवी नियमावली आणली. शाळेला अनुदान कशावर द्यायचे? मुलांच्या निकालावर. पुरेशी हजेरी असलेल्या प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग. ते वाचनात नापास झाले तर दोन शिलिंग आठ पेन्स कापा, लेखनात नापास तर तेवढेच, गणितात नापास तर तेवढेच. तिन्हींत नापास झालेल्या मुलाची किंमत त्या आठ शिलिंगांपुरती शून्य. हिशोब अगदी चोख होता. व्यापारी राष्ट्राला शोभेल असाच.

या हिशोबाला कडाडून विरोध करणारा एक माणूस शिक्षण खात्यातच नोकरी करत होता. त्याचे नाव मॅथ्यू अर्नोल्ड. तो इंग्रजीतला मोठा कवी, आणि पोटासाठी पस्तीस वर्षे शाळा तपासनीस. गावोगाव फिरून तो मुलांचे वाचन ऐकत असे. त्याने सरकारी अहवालातच स्पष्ट लिहिले की, मुलांना खरोखर लिहिता-वाचता न येताही हुशारीने तयारी करून घेऊन या परीक्षेतून पार करता येते. कसे, तर वर्षभर एकच पुस्तक घोकून घ्यायचे. तपासनीस आला की मूल घडाघडा म्हणते. पुस्तक हातात असते, पण डोळे वाचत नसतात. मी स्वतः कवितेच्या गावचा असल्यामुळे असेल, पण मला यात एक गोष्ट भावते. पाठ म्हणणे आणि वाचणे यांतला फरक कवीच्या कानाने टिपला होता, खजिन्याच्या डोळ्याने नव्हे.

हीच पद्धत १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यातही आली. खाजगी आणि देशी शाळांना निकालानुसार अनुदान मिळू लागले. १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरच ठरवावी, मागास भागांतल्या शाळांपुरता अपवाद करावा, असे त्या आयोगाने सुचवले. या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यातली मागणी आपल्याला माहीत असते. पण त्याच निवेदनात निकालानुसार अनुदानाबद्दल त्यांनी जे म्हटले त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या गरीब लोकांमध्ये शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यासाठी ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही. त्यांच्यात स्वतःच्या जोखमीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजावणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. तिथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत.

या दोन-तीन वाक्यांत फार मोठी गोष्ट सांगितली आहे. निकालावर पैसा मिळणार असेल तर मास्तर काय करील? ज्या पोराच्या घरी दिवा आहे, ज्याचा बाप अक्षर ओळखतो, ते पोर तो आधी निवडील. रानातून उशिरा येणारे, भुकेने पेंगणारे, आठवड्यातून दोनदा दांडी मारणारे पोर त्याला परवडणार नाही. म्हणजे जिथे शिकवण्याची गरज जास्त, तिथे पैसा कमी. इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या धोरणानंतर ती मागे पडली. पद्धत गेली, पण निकाल चांगला म्हणजे शाळा चांगली, हे समीकरण मनातून गेले नाही.

याच काळात परीक्षेचे दुसरे रूपही घडत होते. मराठी शाळेतल्या वरच्या इयत्तेनंतर मुलकी परीक्षा असे. ती पास झाली की सरकारी नोकरीचे दार उघडे. पुढे व्हर्नाक्युलर फायनल आली. 'फायनल पास' हे शब्द मराठी खेड्यात नावापुढे पदवीसारखे लावले जात. फायनल झालेला माणूस मास्तर होई, तलाठी होई. या दारापर्यंत पोहोचण्यासाठी पोरे काय करत? धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, यांची हकिकत प्रसिद्ध आहे. १८७५ मध्ये कोकणातल्या मुरूडहून ते सोबत्यांबरोबर मुलकी परीक्षेसाठी साताऱ्याला पायी निघाले. दिवस पावसाळी, वाट घाटाची, अंतर शंभरावर मैल. पोहोचले, तर कमिटीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते पास झाले. आपण ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यात आणखी एक प्रश्न दिसतो. जी मुले पहिल्याच वर्षी घरी परतली आणि दुसऱ्यांदा निघालीच नाहीत, ती कुठे गेली? त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

त्या मुलांचा हिशोब विसाव्या शतकात मांडला गेला. १९११ च्या जनगणनेत हजारी एकोणसाठ माणसे साक्षर होती. त्याच वर्षी नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच संस्थानभर सक्ती केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. गोरगरिबांची मुले पाटी घेऊन शाळेत येऊ लागली. मग नवा प्रश्न उभा राहिला: आली ती टिकली का?

१९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर चर्चा चालू होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय, तर शाळेत आलेले मूल साक्षर होऊन, आणि आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडावे. हा हेतू साधत नसेल तर खर्च वाया गेला, पण म्हणून खर्च कमी करायचा नाही, वाढवायचा, असा त्यांचा रोख होता.

दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्टोग समितीचा अहवाल आला. त्यातही तोच आकडा. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत अठराच होती. काही मुले शाळा सोडून गेली होती आणि काही एकाच वर्गात वर्षानुवर्षे बसून होती. गळती आणि स्थगिती हे दोन शब्द तेव्हापासून आपल्या शिक्षणाच्या चर्चेत कायमचे वस्तीला आले. आकडा एकच, पण त्यावरून निघालेले निष्कर्ष पाहा. समितीने म्हटले, शाळा वाढवण्याची घाई नको, आहेत त्या आधी सुधारा. सरकारलाही ते सोयीचे होते. परुळेकरांनी १९३९ मध्ये 'लिटरसी इन इंडिया' हे पुस्तक लिहून या विचाराला उत्तर दिले. समितीची आकडेमोड त्यांनी तपासली आणि बजावले की, गुणवत्तेच्या नावाखाली गरिबांच्या शाळा रोखता येणार नाहीत.

आकडा कधी एकटा येत नाही, त्याच्या मागे कोणाची तरी इच्छा उभी असते. अठरा हा आकडा बाबासाहेबांच्या तोंडी 'आणखी द्या' असे म्हणत होता. समितीच्या अहवालात तोच 'जरा थांबा' असे म्हणू लागला. वर्तमानपत्रात निकालाची टक्केवारी वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, फार वाढल्या. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचवले की पहिली आणि दुसरी हे दोन वर्ग एकच घटक मानावेत, म्हणजे सहा वर्षांच्या पोराला नापास करण्याची वेळ येणार नाही. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंचा त्रिकोण आपल्या हाती लागत नाही, असे त्यांनी १९७५ मध्ये एका पुस्तकात मांडले. एक बाजू धरली की दुसरी सुटते. १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमतांची यादी आली. प्रत्येक इयत्तेत मुलाला निदान काय काय आलेच पाहिजे, ते क्रमांक घालून ठरले. शिक्षकांच्या हाती तक्ते आले, तक्त्यांत खुणा आल्या.

पण मोजपट्टी कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. माझ्या घरात दखनी बोलली जात असे, शाळा मराठी. पहिलीतल्या मुलापुढे कांद्याचे चित्र धरले आणि ते 'प्याज' म्हणाले, तर त्याला कांदा माहीत नाही असे म्हणायचे का? त्याला कांदा माहीत आहे, तो चिरल्यावर डोळ्यांत येणारे पाणीही माहीत आहे. माहीत नाही तो फक्त तुमचा शब्द. पावरी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांचे अंतर तर याहून लांबचे. मला मराठीने आपलेसे केले, इतके की मी कविता तिच्यात लिहितो. पण त्यासाठी लागणारा वेळ मला मिळाला. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' असा शेरा पडला. न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की, सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा सोडून गेली. या आकड्यावर बरीच राजकीय भाषणे झाली. त्यातली किती मुले 'प्याज' म्हणून गप्प बसवली गेली, याचा शोध कोणी घेतला नाही. आणि हे एका समाजाचे दुखणे नाही. ऊसतोडीला आई-बापांबरोबर जाणारे मूल दिवाळीनंतर गाव सोडते आणि हंगाम संपल्यावर परतते. शाळेचे अर्धे वर्ष त्याने फडात काढलेले असते. त्याच्या वार्षिक निकालात कारखान्याचा हंगाम कुठे लिहितात?

आता अलीकडचा काळ. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९५ मध्ये काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून ग्रामीण भारतात एक पाहणी सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून शब्द बनला 'असर'. उर्दूत असर म्हणजे परिणाम. या पाहणीत स्वयंसेवक शाळेत न जाता मुलाच्या घरी जातात. एक कागद पुढे ठेवतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीचा छोटा उतारा, दुसरीची गोष्ट. जिथपर्यंत येते तिथपर्यंत वाच, एवढेच. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. अर्नोल्डची तक्रार इथे दूर झाली, कारण पाठ केलेले पुस्तक इथे हातात नसते. आणि शेजारी आई उभी असते. आपले पोर पाचवीत असून दुसरीची गोष्ट वाचू शकत नाही, हे कित्येक आयांना पहिल्यांदा त्या अंगणात कळले.

२००९ मध्ये शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचे नाही आणि शाळेतून काढायचे नाही, असे त्याने ठरवले. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग. कल्पना उत्तम होती: मूल रोज पाहा, कुठे अडते ते टिपा, तिथे हात द्या. खरे म्हणजे पंतोजींच्या शाळेतली 'पक्के झाल्यावर पुढे' ही पद्धत, पण सगळ्यांसाठी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नोंदी वाढल्या आणि हात देणे राहिले. लोकांनी त्याचा सोपा अर्थ लावला, 'परीक्षा बंद झाल्या', आणि 'ढकलपास' हा शब्द रूढ झाला.

आकडे काय सांगतात? ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयाची अठ्ठ्याण्णव टक्के मुले २०२४ मध्ये शाळेत दाखल होती. गोखले आणि शाहू महाराज यांना हे पाहून किती आनंद झाला असता. पण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यावर, २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली, आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. पाचवीत हेच प्रमाण अनुक्रमे ४४.२, ३८.५ आणि ४४.८ टक्के. शाळा बंद पडल्या तर काय होते आणि त्या उघडून नेटाने शिकवले तर काय होते, हे दोन्ही या आकड्यांत आहे. पण पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हेही आहे. १९२७ मध्ये ब्याऐंशी मुले शाळेबाहेर जाऊन निरक्षर होत होती. आज मुले शाळेत बसून मागे पडतात. गळती थांबली, पण तिचा काही भाग वर्गाच्या आत मुरला.

यावर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन, पुन्हा संधी देऊन, तरीही नापास झाल्यास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून तसे ठरवले. पुष्कळ पालकांना बरे वाटले. 'आता पोरे अभ्यास करतील' असे लोक म्हणू लागले. परीक्षा असू नये असे मी म्हणणार नाही. ताप मोजल्याशिवाय औषध देता येत नाही. पण थर्मामीटरने ताप उतरत नाही, आणि ताप आला म्हणून रोग्याला शिक्षा तर आपण मुळीच करत नाही. एकाच वर्गात पुन्हा बसवल्याने मूल शिकते, तर १९२० च्या दशकात पहिलीत वर्षानुवर्षे बसलेली मुले पंडित झाली असती. ती शाळा सोडून गेली. दुसऱ्या वर्षी तेच पुस्तक, तोच वर्ग, तीच भाषा असेल, तर दुसरा निकाल वेगळा कशाने लागेल?

म्हणून या इतिहासातून मला तीन साध्या मागण्या सुचतात. पहिली, निकालाला शाळेच्या पैशाशी आणि शिक्षकाच्या इभ्रतीशी बांधू नका. १८८२ मध्ये जोतीरावांनी दिलेला इशारा अजून जुना झालेला नाही. जिथे निकाल कमी, तिथे मदत जास्त गेली पाहिजे. दुसरी, पाचवीत नापास होण्याची वाट पाहू नका. वाचनाची गाठ पहिली-दुसरीत बसते, ती तिथेच सोडवायची, आणि मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात शिरू द्यायचे. तिसरी, प्रगतिपुस्तकावर मुलाच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने असोत. वर्षभरात शिक्षक किती दिवस वर्गात होते आणि किती दिवस निवडणूक, जनगणना आणि इतर सरकारी कामांवर होते? एका शिक्षकाकडे किती इयत्ता होत्या? वाचायला पाठ्यपुस्तकाखेरीज किती पुस्तके होती? या रकान्यांत जे भरले जाईल ते वाचून मग मुलाच्या गुणांकडे पाहावे.

आणि एक काम आपल्या सगळ्यांच्या हातातले. आज रविवार आहे. घरातल्या, शेजारच्या, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या तिसरी-चौथीतल्या मुलाला जवळ बसवा. दुसरीच्या पुस्तकातली एखादी गोष्ट त्याच्यापुढे ठेवा आणि ऐका. ते अडखळले तर रागावू नका, गुण देऊ नका. जिथे अडखळले तो शब्द त्याच्या घरच्या बोलीत काय म्हणतात ते विचारा, आणि तिथून पुढे दोघे मिळून वाचा. पुढच्या रविवारी पुन्हा बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)